घरातील चार प्रीपेड क्रमांकांसाठी परवडणारे प्लॅन कसे निवडावेत? (ग्वाल्हेर)

जनकगंजकर (प्रश्न)

सर्वांना सादर नमस्कार. आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात जनकगंजमध्ये राहतो. घरात चार प्रीपेड क्रमांक आहेत आणि चारही क्रमांकांवर दर 28 दिवसांनी जवळपास एकसारखाच रिचार्ज केला जातो, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्यावर "नेहमीचाच ना?" असे विचारले जाते आणि आम्हीही मान डोलावतो. या खर्चाकडे आता जरा डोळसपणे पाहावे असे वाटू लागले आहे, म्हणून जाणकारांचा सल्ला हवा आहे.

चारही क्रमांकांच्या गरजा अगदी वेगळ्या आहेत. सासूबाईंकडे जुना बटणांचा फोन आहे. त्या इंटरनेट वापरत नाहीत, परंतु नागपूरच्या आणि पुण्याच्या बहिणींशी रोज निवांत बोलणे हा त्यांचा नेम आहे आणि तो मोडण्याची आमची इच्छा नाही. सासऱ्यांकडे स्मार्टफोन आहे. त्यांचे निवृत्तिवेतनाचे खाते, आधार, गॅसची नोंदणी असे सारे काही त्याच क्रमांकाला जोडलेले आहे, आणि भाजीवाल्यापासून औषधांच्या दुकानापर्यंत सगळीकडे ते यूपीआयने पैसे देतात. मात्र दिवसातला बहुतेक वेळ ते घरी असतात आणि घरी वाय-फाय आहे. मी मुरारला एका शाळेत शिकवते, त्यामुळे माझा दिवस घराबाहेर जातो. चौथा क्रमांक यांचा पुण्यातला जुना क्रमांक आहे. तो एका फोनमध्ये नुसता चालू ठेवलेला असतो, कारण काही जुन्या गुंतवणुकींचे संदेश अजून त्यावरच येतात.

आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. आमचा वाडा दगडी बांधणीचा असल्यामुळे आतल्या खोल्यांत फोनला रेंज जेमतेम मिळते. शिवाय मध्यंतरी यांच्या पुण्याच्या क्रमांकाचे रिचार्ज लांबले तेव्हा क्रमांक कायमचा जाईल की काय, अशी धास्ती वाटली होती. रिचार्ज संपल्यानंतर क्रमांक नेमका किती काळ आपल्या नावावर राहतो, आणि एकदम वर्षभराचे पैसे भरणे खरोखरच स्वस्त पडते का, हेही कृपया सांगावे.

वहीखाते

नमस्कार ताई. आपण गरजा सुट्या सुट्या मांडल्या हे फार बरे केले, कारण चार निराळ्या गरजांसाठी एकच पॅक घेतला जातो तिथेच पैसा गळतो.

प्रथम 28 दिवसांचे गणित पाहू. वर्षाच्या 365 दिवसांना 28 ने भागले तर 13 येतात, म्हणजे "महिन्याचा" म्हणून घेतलेला पॅक आपण वर्षात 12 नव्हे तर 13 वेळा भरतो. ग्राहकांच्या याच तक्रारीमुळे ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जानेवारी 2022 मध्ये आदेश काढला की प्रत्येक कंपनीने 30 दिवसांचा निदान एक पॅक आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एक पॅक ठेवलाच पाहिजे. हे पॅक जाहिरातींत फारसे दिसत नाहीत, पण विचारले की मिळतात. उदाहरणार्थ, जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचा रोज दीड जीबीचा 28 दिवसांचा पॅक 299 रुपयांना झाला आणि तेवढाच डेटा देणारा, तारखेला तारीख जुळणारा महिन्याचा पॅक 319 रुपयांना झाला. वरवर पाहता दुसरा महाग वाटतो. परंतु 299 गुणिले 13 म्हणजे 3887 रुपये होतात आणि 319 गुणिले 12 म्हणजे 3828. "महाग" पॅक वर्षाला 59 रुपयांनी स्वस्त निघतो. म्हणून पॅकची किंमत कधीही नुसती पाहू नये, ती मुदतीच्या दिवसांनी भागून रोजचा दर काढावा. पॅकच्या छापील किमतीत 18 टक्के जीएसटी धरलेलाच असतो, त्यामुळे हा भागाकार सरळ होतो.

आता सासूबाईंविषयी. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून कंपन्यांना बंधन घातले की केवळ कॉल आणि एसएमएस देणारे, डेटा नसलेले, निदान एक विशेष व्हाउचर त्यांनी द्यावे. त्याच दुरुस्तीने अशा व्हाउचरची कमाल मुदत 90 दिवसांवरून 365 दिवसांवर नेली. त्यापूर्वी इंटरनेट न वापरणाऱ्या वृद्धांनाही डेटाचे पैसे मोजावे लागत असत. जानेवारी 2025 मध्ये हे पॅक बाजारात आले, आणि त्यांचा प्रारंभ मोठा बोलका होता: एअरटेलच्या 509 रुपयांच्या 84 दिवसांच्या पॅकमधून डेटा काढून घेऊन तो 499 रुपयांना ठेवण्यात आला, म्हणजे डेटा सोडल्याबद्दल ग्राहकाला मिळाले फक्त दहा रुपये. नवे दर तपासून पाहू असे ट्रायने म्हटल्यानंतर थोड्याच दिवसांत हीच किंमत 469 वर आली. त्या महिन्यात स्थिरावलेले आकडे असे: एअरटेलचा 84 दिवसांचा पॅक 469 रुपये आणि 365 दिवसांचा 1849 रुपये, जिओचा 84 दिवसांचा 448 रुपये आणि 336 दिवसांचा 1748 रुपये. सगळ्यांत कॉल अमर्याद आहेत. एअरटेलच्या 199 रुपयांच्या 28 दिवसांच्या पॅकचा रोजचा दर सुमारे सात रुपये अकरा पैसे पडतो, तर 1849 च्या पॅकचा सुमारे पाच रुपये सात पैसे. सासूबाईंच्या बोलण्यात एका मिनिटाचीही कपात न करता वर्षाला 738 रुपये वाचतात.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. 336 दिवसांचा पॅक "वर्षाचा" म्हणून विकला जातो, पण 336 म्हणजे 28 गुणिले 12. वर्षाला अजून 29 दिवस उरतातच. दर बदलत राहतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी कंपनीच्या ॲपवर किंवा ट्रायच्या टॅरिफ पोर्टलवर, मध्य प्रदेश हे सर्कल, म्हणजे आपला सेवाविभाग, निवडून, त्या दिवशीची किंमत आणि मुदत दोन्ही पाहून घ्यावी.

बाड्यावरचा दुकानदार

माझे महाराज बाड्याजवळ मोबाइल दुरुस्तीचे आणि रिचार्जचे लहानसे दुकान आहे. वहीखाते यांचा हिशेब बिनचूक आहे. वर्षातून 13 वेळा येणारा ग्राहक आम्हाला एकदा येणाऱ्यापेक्षा अधिक प्रिय असतो, हेही या निमित्ताने मान्य करून टाकतो. परंतु पॅकच्या आधी फोन पाहावा लागतो, आणि या बाबतीत लोकांची वरचेवर फसगत होते.

सासूबाईंचा जुना बटणांचा फोन जर केवळ टू-जीचा असेल तर जिओचे सिम त्यात चालणार नाही, कारण जिओकडे टू-जी जाळे नाहीच. त्यांचे कॉलसुद्धा फोर-जीवरून, व्होल्टी पद्धतीने जातात. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांची टू-जी सेवा चालू आहे. त्यामुळे 448 हा आकडा 469 पेक्षा लहान आहे म्हणून क्रमांक पोर्ट करून घ्यायचा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्या कंपनीत न्यायचा, आणि मग फोन मुकाच राहिला म्हणून आमच्याकडे धावत यायचे, असे प्रसंग दुकानात नेहमी घडतात. फोनच्या मागची बॅटरी काढली की खाली चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेलचा क्रमांक असतो. त्यावरून तो टू-जी आहे की फोर-जी हे कोणताही दुकानदार सांगू शकेल.

फोन बदलायचाच असेल तर आणखी एक मार्ग आहे. जुलै 2023 मध्ये जिओ भारत हा बटणांचा फोर-जी फोन 999 रुपयांना आला आणि त्याच्यासाठी 123 रुपयांचा 28 दिवसांचा पॅक ठेवण्यात आला, ज्यात अमर्याद कॉल आणि एकूण 14 जीबी डेटा मिळतो. रोजचा दर साडेचार रुपयांच्या आत येतो. हा पॅक फक्त त्याच फोनमध्ये चालतो, दुसऱ्या फोनमध्ये सिम घातले तर तो लागू होत नाही. वयस्कर माणसांना मात्र हाताला बसलेली बटणे बदललेली आवडत नाहीत. वर्षाला दोन-अडीचशे रुपये वाचवण्यासाठी त्यांना नव्या फोनची सवय लावायला जाणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही. जुना फोन बिघडेल तेव्हा विचार करावा.

आता दगडी वाड्याविषयी. लष्करात, दौलतगंजात, जनकगंजात जुन्या घरांच्या भिंती हात-दीड हात जाडीच्या असतात, आणि त्यांतून कोणत्याच कंपनीची रेंज धड आत येत नाही. सर्व कंपन्यांना आता आपापल्या संकेतस्थळावर टू-जी, फोर-जी आणि फाइव्ह-जीचे वेगवेगळे नकाशे द्यावे लागतात आणि ते जरूर पाहावेत. पण नकाशावर आपली गल्ली रंगलेली दिसली म्हणजे माजघरात फोन लागेलच असे नाही. खात्रीचा उपाय साधा आहे: ज्या कंपनीचा विचार असेल तिचे सिम असलेल्या शेजाऱ्याला किंवा पाहुण्याला चहाला बोलवावे आणि सासूबाई जिथे बसून बोलतात तिथूनच एक फोन करून पाहावा.

सासऱ्यांच्या आणि आपल्या फोनसाठी तर घरातले वाय-फायच कामाला येईल. बहुतेक स्मार्टफोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग नावाची सोय असते. ती चालू केली की रेंज नसलेल्या खोलीतही नेहमीच्या क्रमांकावरून कॉल येतात आणि जातात, आणि त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. एअरटेलने ही सोय डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये आणली. इतकी वर्षे झाली तरी दहांतल्या आठ ग्राहकांना ती ठाऊक नसते आणि ते रेंजसाठी कंपनी बदलत बसतात.

जनकगंजकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. बॅटरीखालच्या पट्टीवरून पाहिले. फोन टू-जीचाच आहे आणि सासूबाई तो सोडायला तयार नाहीत, त्यामुळे तो प्रश्न आपोआप मिटला. त्यांचे सिम सध्याच्याच कंपनीत ठेवून फक्त डेटाविरहित पॅक घ्यायचा असे ठरवले आहे.

सासऱ्यांबाबत अजून मनात गोंधळ आहे. घरी वाय-फाय असल्याने त्यांनाही डेटाविरहित पॅक चालेल असे हे म्हणतात. परंतु बँकेचे ओटीपी आणि यूपीआय यांत त्यामुळे काही अडचण येईल का?

मुरारच्या काकू

मी बँकेत अनेक वर्षे काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

ओटीपी हा येणारा संदेश असतो आणि येणाऱ्या संदेशाला पैसे पडत नाहीत. पॅकची मुदत चालू असली म्हणजे तो येतो, मग पॅकमध्ये डेटा असो वा नसो. खरी खोच जाणाऱ्या संदेशात आहे. यूपीआयचे ॲप नव्या फोनवर सुरू करताना, किंवा ते काढून पुन्हा घालताना, ॲप त्या सिमवरून एक एसएमएस आपोआप पाठवते आणि त्यावरूनच हा क्रमांक याच फोनमध्ये आहे याची खातरजमा करते. अगदी स्वस्त काही पॅकांमध्ये जाणारे एसएमएस धरलेलेच नसतात. सिमच्या मुख्य खात्यात शिल्लकही नसली की तो एसएमएस जातच नाही, आणि ॲप पुन्हा पुन्हा "पडताळणी झाली नाही" एवढेच सांगत राहते. बँकेत येऊन खात्यात काही घोळ असल्याची तक्रार करणारे कितीतरी ज्येष्ठ ग्राहक मी पाहिले, आणि त्यांतल्या अनेकांची अडचण खात्यात नव्हे, रिचार्जमध्ये असे. वर सांगितलेल्या डेटाविरहित पॅकांत एसएमएस आहेत: 84 दिवसांच्या एअरटेल पॅकमध्ये 900, जिओच्या पॅकमध्ये 1000, आणि वर्षाच्या पॅकमध्ये 3600. तेव्हा त्या बाजूने काळजी नाही.

परंतु सासऱ्यांसाठी मी डेटाविरहित पॅक सुचवणार नाही. आपणच लिहिले आहे की भाजीवाल्याकडे आणि औषधांच्या दुकानात ते यूपीआयने पैसे देतात. तिथे घरचे वाय-फाय कुठून येणार? दुकानात उभे राहून पैसे द्यायला थोडाच, पण डेटा लागतोच, आणि ऐनवेळी तो नसल्यामुळे दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर बँकेचे व्यवहार करण्याची पाळी कोणावर येऊ नये. डेटाविरहित पॅक आले त्याच सुमारास थोडा डेटा असलेलेही पॅक आले: 84 दिवसांसाठी 7 जीबी देणारा 548 रुपयांचा आणि 365 दिवसांसाठी 30 जीबी देणारा 2249 रुपयांचा, दोन्ही एअरटेलचे. रोज एक-दोन जीबीच्या पॅकमधला डेटा रात्री बारा वाजता वाया जातो. इथे मात्र एकत्रित साठा मिळतो आणि तो लागेल तसा वापरता येतो. घरी बसणाऱ्या माणसासाठी हाच प्रकार योग्य. तुलनेसाठी सांगते, 199 चा पॅक 13 वेळा घेतला तर 2587 रुपये होतात आणि डेटा 26 जीबी मिळतो.

रिचार्ज संपल्यावर क्रमांक किती काळ राहतो, या प्रश्नावर 2025 च्या प्रारंभी समाजमाध्यमांवर पुष्कळ अफवा पसरल्या. "वीस रुपयांत सिम चार महिने चालू" अशा शीर्षकाचे संदेश आपल्याही गटांत आले असतील. खरा नियम 2013 पासूनचा आहे. कंपनीला क्रमांक वापर नसल्याच्या कारणावरून बंद करायचा असेल तर सलग 90 दिवस त्यावर कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा असा कोणताच वापर झालेला नसावा लागतो. तेव्हाही प्रीपेडच्या मुख्य खात्यात 20 रुपये किंवा त्याहून अधिक शिल्लक असेल तर कंपनीने क्रमांक बंद न करता 20 रुपये कापून 30 दिवस वाढवून द्यायचे असतात, आणि शिल्लक असेपर्यंत हे चालू राहते. क्रमांक बंद झालाच तर 15 दिवसांच्या सवलतीच्या काळात तो परत सुरू करून घेता येतो.

मात्र क्रमांक आपल्या नावावर असणे निराळे आणि त्यावर सेवा मिळणे निराळे. पॅकची मुदत संपली की आधी जाणारे कॉल थांबतात, पुढे येणारे कॉल आणि संदेशही थांबू शकतात, आणि ओटीपीच येत नसेल तर नावावर असलेल्या क्रमांकाचा उपयोग काय? शिवाय बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या कोणाला दिला जातो, ही त्याहून गंभीर गोष्ट आहे, कारण आपल्या बँकेचे संदेश मग त्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतात. म्हणून यांच्या पुण्याच्या क्रमांकाबाबत माझे मत स्पष्ट आहे: त्यावर येणाऱ्या गुंतवणुकींच्या संदेशांसाठी त्या त्या संस्थांकडे ग्वाल्हेरचा क्रमांक नोंदवून घ्यावा आणि मगच पुण्याचा क्रमांक ठेवायचा की सोडायचा ते ठरवावे. बऱ्याच घरांत असे एखादे सिम निव्वळ आळसामुळे पोसले जाते.

नई सडक

वर वर्षाच्या पॅकविषयी जो सूर लागला आहे त्याला थोडा विरोध नोंदवतो.

जिओचे आकडे घ्या. 84 दिवसांचा पॅक चार वेळा घेतला तर बरोबर 336 दिवस होतात आणि 448 गुणिले 4 म्हणजे 1792 रुपये पडतात. 336 दिवसांचा पॅक एकदम घेतला तर 1748. अकरा महिन्यांचे पैसे आधी अडकवून बचत किती, तर 44 रुपये! एअरटेलमध्ये फरक बरा आहे. 469 च्या दराने 365 दिवसांचे सुमारे 2038 रुपये होतात, म्हणजे वर्षाच्या पॅकने 189 रुपये वाचतात. पण मधल्या काळात आपल्या गल्लीतली रेंज बिघडली किंवा दुसरीकडे चांगला पॅक निघाला, तर पोर्ट करताना उरलेली मुदत आणि शिल्लक दोन्ही बुडतात. नवी कंपनी ती पुढे चालवत नाही. म्हणून ज्या क्रमांकाची कंपनी बदलायची नाही हे पक्के आहे, त्यालाच वर्षाचा पॅक घ्यावा. सासूबाईंच्या क्रमांकाला तो घ्यायला हरकत नाही. ताईंनी स्वतःसाठी मात्र आधी 84 दिवसांचा घेऊन पाहावा.

ताईंच्या स्वतःच्या गरजेविषयी कोणीच काही लिहिलेले नाही, तेव्हा तेही लिहितो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मागच्या महिन्यात मोबाइल डेटा किती लागला तो आकडा आधी पाहावा. वाय-फायचा आकडा त्यात धरू नये. शाळेत दिवसभर वर्गावर असणाऱ्या व्यक्तीला रोजचे दोन जीबी क्वचितच लागतात. महिन्याला अडीच जीबीत भागत असेल तर काकूंनी सांगितलेला 84 दिवसांचा 7 जीबीचा पॅकच पुरे. मधे कधी कमी पडलाच तर फक्त डेटाचे लहान पॅक वर घेता येतात. वापर खरोखर मोठा असेल, प्रवासात व्हिडिओ पाहिले जात असतील, तर मग 28 दिवसांच्या पॅकांपेक्षा 3599 रुपयांचा वर्षाचा पॅक पाहावा. जुलै 2024 च्या दरवाढीपासून जिओ आणि एअरटेल दोघांनीही अमर्याद फाइव्ह-जी रोज दोन जीबी किंवा अधिक डेटाच्या पॅकांपुरते ठेवले आहे आणि हा पॅक त्यात बसतो. दुकानदार फाइव्ह-जीचा आग्रह धरतात त्यामागे हेच असते. आपला फोन फाइव्ह-जीचा नसेल तर तो आग्रह सरळ नाकारावा.

बीएसएनएलच्या पॅकांविषयी अजून कोणी लिहिले नाही याचे आश्चर्य वाटले. जुलै 2024 मध्ये इतर तिघांनी दर वाढवले तेव्हा त्यांनी वाढवले नाहीत, आणि 27 सप्टेंबर 2025 रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून त्यांच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन झाले. केवळ चालू ठेवायच्या क्रमांकासाठी तो विचार करण्याजोगा आहे. मात्र किंमत तीच ठेवून मुदत कमी करण्याची पद्धत तिथेही आहे. 107 रुपयांच्या पॅकची मुदत पूर्वी 35 दिवस होती, ती नंतर घटवण्यात आली. जुन्या लेखांतले आकडे वाचून तिथे जाऊ नये.

जनकगंजकर

सर्वांनी इतक्या बारकाईने लिहिले की आता दुकानात जाताना मान डोलावण्याची गरज पडणार नाही. माझा डेटा वापर पाहिला. तो महिन्याला अडीच जीबीच्या आतच आहे. यांच्या गुंतवणुकींचे क्रमांक बदलण्याचे काम सुरू करतो, पण त्याला वेळ लागेल असे दिसते. तोपर्यंत पुण्याचा क्रमांक स्वस्त पडेल अशा कंपनीत न्यायचा झाला तर त्यासाठी पुण्याला जावे लागेल का?

नई सडक

नाही. 3 जुलै 2015 पासून क्रमांक देशात कुठेही पोर्ट करता येतो. यांनी त्याच सिमवरून 1900 या क्रमांकावर एसएमएस पाठवावा. मजकुरात इंग्रजी अक्षरांत पोर्ट लिहून, एक जागा सोडून, दहा आकडी मोबाइल क्रमांक लिहायचा. उत्तरादाखल यूपीसी म्हणजे पोर्टिंगचा संकेतांक येतो आणि तो चार दिवसच चालतो, म्हणून दुकानात जायच्या दिवशीच एसएमएस करावा. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी पोर्टचा एसएमएस कंपनीला अडवता येत नाही. तसा ट्रायचा निर्देश डिसेंबर 2021 पासून आहे. सध्याच्या कंपनीत क्रमांकाला 90 दिवस पूर्ण झालेले असावेत. मध्यंतरी सिम हरवून किंवा खराब होऊन बदलून घेतले असेल तर त्यानंतर सात दिवस संकेतांक मिळत नाही. फसवणूक टाळण्यासाठी जुलै 2024 पासून हा नियम झाला आहे.

मात्र दोन पर्याय वेगळे आहेत आणि ते आधी ठरवावेत. क्रमांक महाराष्ट्र सर्कलमध्येच ठेवून फक्त कंपनी बदलायची असेल तर नव्या कंपनीचे त्या सर्कलचे सिम लागेल, आणि ते ग्वाल्हेरच्या दुकानात सहसा मिळत नाही. त्यापेक्षा क्रमांक मध्य प्रदेश सर्कलमध्येच आणावा; दहा आकडे तेच राहतात. एका सर्कलमधल्या पोर्टला तीन कामाचे दिवस लागतात, दोन सर्कलमधल्याला पाच. त्या काळात जुने सिम चालू राहते आणि अगदी शेवटी काही तास सेवा बंद पडते, तेव्हा गुंतवणुकीचा एखादा व्यवहार त्याच दिवशी ठेवू नये.

बाड्यावरचा दुकानदार

एवढेच जोडतो की सिम ज्यांच्या नावावर आहे त्यांनी स्वतः आधार घेऊन दुकानात यावे. अंगठा किंवा चेहरा त्यांचाच लागतो, त्यामुळे ताई, आपण एकट्या येऊन हे काम होणार नाही. आणि पुण्याचे ते सिम पूर्वी वडिलांच्या किंवा भावाच्या नावावर घेतलेले तर नाही ना, हे दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावे. तिथे मोबाइल क्रमांक आणि ओटीपी टाकला की त्या व्यक्तीच्या नावावरचे सगळे क्रमांक दिसतात. यांच्या नावावरच्या दुसऱ्या एखाद्या क्रमांकाने पाहावे आणि पुण्याचा क्रमांक त्या यादीत आहे का ते तपासावे. यादीत नसेल तर पोर्टच्या आधी तो यांच्या नावावर करून घेण्याची प्रक्रिया सध्याच्या कंपनीकडेच करावी लागेल.